हा ठोका कोणाचा?

(तृतीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत स्टाफरूमच्या दाराशी उभा असताना एका सरांचे वाक्य कानावर पडले. "जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. पिठाच्या गिरणीत बसून कोणाला ओवी सुचल्याचं ऐकलंय का? कॉम्प्युटरवरचं संगीत म्हणजे ती गिरणी." आत सगळे हसले. बाहेर मीही हसलो, कारण वाक्य छानच होते. परंतु त्या वेळी माझ्या पिशवीत मित्राचा लॅपटॉप होता आणि त्या लॅपटॉपमध्ये लेझीमच्या कार्यक्रमासाठी करून ठेवलेले चार मिनिटांचे वादन होते. त्यामुळे ते वाक्य मला घरापर्यंत बोचत राहिले. या लेखात त्याला उत्तर द्यायचे आहे. मात्र ते सरांना जितके आहे, त्याहून अधिक माझ्या वर्गमित्रांना आहे. कारण सरांचे म्हणणे खोटे ठरवण्याची जबाबदारी आमची होती आणि पहिल्या फेरीत तरी आम्ही ते खरेच करून दाखवले होते.

हकीकत अशी. आमच्या वर्गातला एक मित्र जुन्या नाशकातल्या ढोलपथकात वाजवतो. विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते तेव्हा कमरेला ढोल बांधून तो पहिल्या रांगेत असतो. लेझीमसाठी खरे पथक आणायचे तर सभागृहात माणसे मावायची नाहीत, म्हणून त्यानेच ऑक्टापॅडवर सारे वाजवावे असे ठरले. ऑक्टापॅड म्हणजे आठ चौकोनांची ती पाटी. ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत आपण सर्वांनी पाहिलेली. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली ती प्रथम बाजारात आणली आणि आपल्याकडे ती अशी रुजली, की लग्नाच्या वरातीत तिला परदेशी म्हणणारा वेडा ठरेल. मित्राने एका चौकोनावर ढोलाची थाप ठेवली, दुसऱ्यावर टिपरू, तिसऱ्यावर ताशा, चौथ्यावर झांज. आणि एका बैठकीत, न थांबता, चार मिनिटे वाजवले. आम्ही ते लॅपटॉपमध्ये घेतले.

आता इथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून जावे.

आम्ही जे घेतले तो आवाज नव्हता. ऑक्टापॅडमधून संगणकात येतो तो निरोप: अमुक क्रमांकाची नोट, अमुक क्षणी, इतक्या जोराने. या निरोपाच्या भाषेला मिडी म्हणतात. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवले की दुसरा बोलू लागे. तिथून ही भाषा जगभर गेली. तिच्यात एकूण १२८ नोटा, ० ते १२७. पेटीवरची मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या वरची पांढरी सहा म्हणजे ६९. जोरही अंकांतच सांगायचा, १ ते १२७. तालवाद्यांसाठी १९९१ साली एक सर्वमान्य यादी ठरली: ३६ म्हणजे पायाचा मोठा ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४९ म्हणजे मोठी झांज. ३५ ते ८१ अशा सत्तेचाळीस तालवाद्यांच्या त्या यादीत बोंगो आहे, कोंगा आहे, माराकस आहे. पण तबला नाही, ढोलकी नाही, ढोल-ताशा तर नाहीच. (सुरांच्या वाद्यांच्या यादीत मात्र सतार आणि सनई यांना जागा मिळाली. आपले सूर समुद्रापार गेले, ताल बंदरावरच राहिला.) म्हणून आम्ही ३६ वर थाप, ३८ वर टिपरू, ४० वर ताशा आणि ४९ वर झांज अशी आपली वाटणी करून घेतली.

अडचण आली ती थापेच्या आवाजाची. लॅपटॉपमधला ढोल अगदी रिकाम्या डब्यासारखा वाजत होता. मग मित्राने पथकातला खरा ढोल गच्चीवर आणला आणि त्याच्या थापेचे पाच-सहा नमुने आम्ही माइकने टिपले. आता हे नमुने फक्त थापेला लावायचे होते. पण थाप, टिपरू, ताशा, झांज ही सगळी मंडळी एकाच ट्रॅकवर दाटीवाटीने बसलेली. ट्रॅकचा आवाज बदलला की ताशाचाही ढोल होई आणि झांजेचाही. एका कंडक्टरने सगळ्या बसला एकच तिकीट फाडावे तसे.

तेव्हा थापेच्या तेवढ्या नोटा उचलून वेगळ्या ट्रॅकवर नेणे आवश्यक झाले. हे काम ऐकायला जितके अवघड, करायला तितके सोपे. पडद्यावर डाव्या कडेला पेटीच्या पट्ट्या उभ्या रांगेत दिसतात आणि प्रत्येक पट्टीसमोर तिच्या नोटा आडव्या ओळीत मांडलेल्या असतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी दाबली, कुठे सोबत कंट्रोलची कळ धरली, की ओळीतल्या साऱ्या नोटा एकदम निवडल्या जातात. त्या कापायच्या आणि नव्या ट्रॅकवर चिकटवायच्या. क्युबेसमध्ये 'डिझॉल्व्ह पार्ट', रीपरमध्ये 'एक्स्प्लोड' अशा आज्ञा आहेत. त्या दिल्या की प्रत्येक क्रमांकाच्या नोटा आपापल्या ट्रॅकवर जाऊन बसतात. अर्ध्या मिनिटाचे काम.

त्या अर्ध्या मिनिटात आम्ही दोन चुका केल्या, त्या नवशिक्यांच्या उपयोगी पडतील म्हणून नोंदवतो. पहिल्यांदा कापण्याऐवजी नक्कल केली. जुन्या ट्रॅकवरची थाप तशीच राहिली आणि प्रत्येक ठोका दोनदा वाजू लागला. आवाज मोठा आला म्हणून आम्ही खूश! दुसऱ्यांदा कापले नीट, पण चिकटवताना खूणरेषा भलत्याच जागी होती. तेव्हा ताशा पुढे आणि ढोल एक मात्रा मागे, अशी मिरवणूक निघाली. तिसऱ्या वेळी जमले.

जमले म्हणून आमचा हुरूप वाढला. वेगळे करण्याच्या पुढची पायरी सरळ करण्याची. सॉफ्टवेअरमध्ये एक कळ अशी आहे, की ती दाबताच मागेपुढे झालेल्या साऱ्या नोटा मात्रेच्या रेघेवर कवायतीसारख्या उभ्या राहतात. तिला क्वांटाइझ म्हणतात. आम्ही ती चारही ट्रॅकवर दाबली. वादन स्वच्छ झाले, एक केसभर इकडेतिकडे नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने मित्राला ऐकवले. त्याने पहिले मिनिट ऐकले, कानांवरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "हे मी वाजवलेलं नाहीये रे."

आम्ही म्हटले, "तूच वाजवलंयस. फक्त सरळ केलंय."

तो म्हणाला, "तेच ना."

इथे सरांची गिरणी मला आठवली. आम्ही त्याचे वादन दळून ठेवले होते.

मग त्याला शेजारी बसवून आम्ही पुन्हा मूळ वादनापासून सुरुवात केली, आणि त्या रात्री मला जे कळले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. पथकात ताशा पुढारी असतो. ढोलवाल्यांना चाल बदलायची खूण ताशाकडून मिळते. म्हणून ऑक्टापॅडवरही मित्राचा ताशा थापेच्या किंचित आधी पडत होता. हात चुकला म्हणून ते होत नव्हते. तो ओढून नेत होता. आम्ही ताशाला रेघेवर उभे केले आणि त्याचे पुढारीपण गेले. ताशा आम्ही जसाच्या तसा ठेवला. थाप मात्र, त्याच्याच सांगण्यावरून, बहुतेक ठिकाणी सरळ केली. "ऑक्टापॅडवर थाप मारताना माझा हात जड पडतो, ढोलावर पडत नाही," असे तो म्हणाला. चारही वाद्ये एका ट्रॅकवर असती तर हा निवाडा करताच आला नसता. एकाला सोडून दुसऱ्याला सुधारायचे तर आधी त्यांची घरे वेगळी हवीत.

खरी गंमत टिपरूच्या ओळीत होती. ३८ क्रमांकाच्या साऱ्या नोटा आम्ही एक वाद्य समजून एका ट्रॅकवर टाकल्या होत्या. मित्र ऐकता ऐकता म्हणाला, "हे दोन आवाज आहेत." आम्हाला काही केल्या दोन ऐकू येईनात. मग त्याने दाखवले: जोराचे ठोके टिपरूचे, त्यांच्या मध्ये जे हलके ठोके आहेत, ते त्याच्या मनात ढोलाच्या कडेवर पडलेले. चौकोन कमी पडले म्हणून एकाच चौकोनावर त्याने दोन वाद्ये वाजवली होती, जोर कमीजास्त करून. यंत्राच्या लेखी क्रमांक एक, म्हणून मालक एक. आम्ही जोराचे आकडे पाहिले तर साधारण साठच्या खालचे कडेवरचे आणि वरचे टिपरूचे निघत होते. पण तेही सगळीकडे लागू पडेना. शेवटच्या मिनिटात तो रंगात आला होता, तिथे कडेवरचे ठोकेही सत्तर-ऐंशीच्या घरात गेलेले. तिथे आकडा निरुपयोगी. एकेक नोट वाजवायची, त्याच्याकडे बघायचे; तो सांगेल "टिपरू", तो सांगेल "कड". रात्री अडीच वाजले.

आपल्या घरात धान्याला दोन संस्कार होतात. आधी सुपात पाखडायचे, मग ताटात निवडायचे. पाखडायला वारा आणि मनगट पुरते. निवडायला डोळा लागतो आणि खडा कुठला, दाणा कुठला याची ओळख लागते. सॉफ्टवेअरच्या आज्ञा पाखडतात आणि ते काम आपल्यापेक्षा फार चांगले करतात. तक्रार आहे ती पाखडून झाल्यावर लगेच शिजायला टाकणाऱ्यांविषयी, म्हणजे आमच्याविषयीच. माझे म्हणणे इतकेच, की नोटा वेगळ्या करण्याचे काम वादकाच्या पाठीमागे करू नये. तो शेजारी हवा. यंत्राला नोटेची उंची कळते, जोर कळतो, वेळ कळते. ती कोणाची हे तिच्या धन्यालाच ठाऊक असते.

सुरांच्या बाबतीतही अनुभव निराळा नाही. त्याच सुमारास वर्गातल्या एका मैत्रिणीने कीबोर्डवर अभंगाची चाल वाजवून दिली: उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने साथीचे स्वर. चालीला बासरीचा आवाज द्यायचा होता. पुन्हा तोच पेच. सारे एका ट्रॅकवर, बासरी दिली की साथही बासऱ्यांची. कोणीतरी तोडगा काढला: ६० च्या वरचे सारे चालीचे, खालचे साथीचे. वरवर बरोबर. पण चाल अंतऱ्याआधी मंद्र निषादापर्यंत उतरत होती, आणि नेमके तेच दोन-तीन स्वर साथीच्या ट्रॅकवर जाऊन बसले. बासरी मध्येच श्वास कोंडल्यासारखी गप्प होई. तिथेही शेवटी तिलाच बसवून स्वर निवडावे लागले. शिवाय तिने पायाच्या पेडलने स्वर लांबवले होते. पेडलचा निरोप जुन्या ट्रॅकवरच राहिला आणि वेगळे केलेले स्वर तुटक वाजू लागले. तो निरोपही, त्याचा क्रमांक ६४, सोबत न्यावा लागतो.

आता मींड. आमच्या संगीताच्या प्राध्यापकांचा मुख्य आक्षेप इथेच असतो आणि तो आजचा नाही. मींड निघत नाही म्हणूनच पेटीवर पिढ्यान्‌पिढ्या टीका झाली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेली बंदी जवळपास तीन दशके टिकली. मिडी कीबोर्डला स्वर ओढण्यासाठी एक चाक असते, त्यामुळे मींड निघते. पण ती ओढ एका नोटेला न लागता त्या चॅनलवरच्या साऱ्या नोटांना लागते. चालीतला गंधार ओढायला जावे तर साथीचे षड्ज-पंचमही त्याच्याबरोबर घसरतात, म्हणजे तंबोऱ्याने गवयामागे धावावे तसे! (२०२० साली जाहीर झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक नोटेला स्वतंत्र ओढ देण्याची सोय झाली, परंतु आमच्यासारख्यांच्या हाती असलेले कीबोर्ड पहिलीतलेच आहेत.) यावर उपाय हाच, की चाल वेगळ्या ट्रॅकवर आणि वेगळ्या चॅनलवर न्यायची, मग फक्त तिला ओढता येते. म्हणजे स्वर वेगळे करणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही. आपल्या गाण्याला या यंत्रात पाय ठेवायला जागा हवी असेल तर ती इथूनच आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या नाशकात रामनाम आधाराश्रमात राहिले, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले. पलुस्करांनी आपली स्वरलिपी बसवली, भातखंडे यांनी त्यांची. कागदावरच्या त्या खुणांना कोणी गाणे समजले नाही. गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या खुणा बोलत नाहीत हे शिकणाऱ्याला ठाऊक होते. मिडी हीसुद्धा एक लिपीच आहे. फरक असा, की ही लिपी आपणहून वाजते, त्यामुळे तिला गुरू नको असा भास होतो.

आणि म्हणूनच मला तयार लूपांचा राग येतो. 'नाशिक ढोल' या नावाने इंटरनेटवर हव्या तितक्या तयार तालफिती मिळतात. जगातल्या कोणत्याही गाण्याखाली लावा. आमच्या शहराचे नाव जगभर गेले याचा आनंद मानावा, तर त्या फितीत वाजवणारा कोण, कोणत्या पथकातला, ताशा कोणाचा, याचा पत्ता नाही. त्यात ढोल, ताशा, झांज, टोल सारे आवाजाच्या रूपात एकजीव झालेले. तिथे नोटाच नाहीत, मग वेगळे काय करणार? एकत्र झालेला आवाजही आता संगणक वेगळा करतो हे खरे. जॉन लेनन यांनी घरी कॅसेटवर गायलेले गाणे पियानोपासून सोडवून २०२३ साली बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले, हे आपण वाचले असेल. पण अशा साधनांची नेहमीची वाटणी चार खणांची: गायकाचा आवाज, तालवाद्ये, बास आणि उरलेले. आमचे अख्खे पथक एकाच खणात पडते. नाशकात राहून, भद्रकालीत चालत गेले तर ढोल वाजवणारा माणूस भेटत असताना, आमच्याच मुलांनी नाशिक ढोल डाउनलोड करावा हे मला लाजिरवाणे वाटते. गोदाकाठी बसून बाटलीचे पाणी विकत घेण्यासारखेच ते.

महाविद्यालयाला एक विनंती. संगणक कक्षातली यंत्रे दुपारी चारनंतर मोकळी असतात. एलएमएमएससारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्यांवर चालते. आठवड्यातून एक तास संगीताचे सर, संगणकाचे सर आणि वाजवणारी मुले एकत्र बसली तर खर्च काहीच नाही. गिरणीविषयी बोलणाऱ्या सरांनी तर अवश्य यावे. कोणता ठोका टिपरूचा आणि कोणता कडेचा हे ओळखण्यात त्यांचा कान आमच्यापेक्षा तयार असणार.

एक कबुली राहिली. संमेलनाच्या छापील पत्रिकेत लेझीमच्या कार्यक्रमाखाली 'संगीत संयोजन व ध्वनिमुद्रण' म्हणून आम्हा तिघांची नावे आली. ज्याने वाजवले त्याचे नाव नव्हते. पत्रिकेचा मजकूर आम्हीच दिला होता. आपण 'संगीत' लिहिले आणि आपलीच नावे लिहिली, हे पत्रिका छापून येईपर्यंत आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आले नाही. तो काही बोलला नाही. पत्रिकेची घडी करून त्याने खिशात ठेवली. फाइलमध्ये प्रत्येक ट्रॅकला नाव द्यायला जागा असते. तिथे आम्ही 'थाप', 'टिपरू', 'कड', 'ताशा', 'झांज' असे लिहिले होते. आता प्रत्येकाच्या पुढे त्याचे नाव आहे. पत्रिका मात्र तशीच राहिली.

त्या फाइलमध्ये एक सहावा ट्रॅकही आहे, 'घसरलेले' नावाचा. निवडताना जे ठोके त्याने "हे माझे नाहीत, हात घसरला" म्हणून टाकायला सांगितले, ते पुसून न टाकता आम्ही तिथे नेले आणि त्या ट्रॅकचा आवाज बंद केला. संमेलनाच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम होती. दुसऱ्या मिनिटात लेझीमच्या मुली गोलात वळतात, तिथे अख्खी रांग अडखळली. पुन्हा वाजवले, पुन्हा अडखळली. रांगेच्या टोकाची मुलगी म्हणाली, "इथं एक ठोका होता ना, थोडा उशिरा पडायचा? आम्ही त्याच्यावर वळत होतो." आधीचे पंधरा दिवस त्या मूळ वादनावर सराव करत होत्या. मित्राने माझ्याकडे पाहिले. मी 'घसरलेले' उघडला, त्याने बोट ठेवून दाखवला तो एक ठोका उचलला आणि थापेच्या ट्रॅकवर, होता त्याच जागी, परत ठेवला.